मुंबईत एक रात्र काढायची तर, तू कुणाचा?

इअरफोन लावलेत ना? मग सुरू करूया. आजचा भाग ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा नेहमीसारखा लिखित अवतार.

"मुंबईत दोन रात्री राहायचंय, हजाराच्या आत बसवायचंय, जागा स्वच्छ हवी आणि फोटोत पण बरी दिसली पाहिजे. कुणाला काही माहितीये का?" हा मेसेज आपल्या प्रत्येकाच्या ग्रुपवर कधी ना कधी येतोच. मग कुणी अंधेरीचं होस्टेल सुचवतं, कुणी कुलाब्याचं गेस्ट हाऊस, कुणी दादर स्टेशनजवळचं लॉज. मी आज यादी देणार नाहीये, ती ॲपवर मिळते. मी सांगणारे या प्रश्नाचा इतिहास. मुंबई हा प्रश्न दीडशेपेक्षा जास्त वर्षं सोडवतेय. आणि त्यात 'किती पैसे आहेत?' याच्या आधी कायम दुसराच एक प्रश्न आलाय: 'तू कुणाचा?'

साहेबाचं हॉटेल आणि बाकीचे सगळे

थोडं मागे जाऊ. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली. १८५६ मध्ये ताडदेवला पहिली कापड गिरणी चालू झाली. पुढच्या काही दशकांत गिरण्या, गोदी, रेल्वे यांनी माणसं अक्षरशः ओढून घेतली. कोकणातून, घाटावरून, गोव्यातून, गुजरातमधून. यातला बहुतेक माणूस एकटा यायचा, बायकापोरं गावाला ठेवून.

साहेबांची सोय झाली होती. काळा घोड्याजवळ वॉटसन्स हॉटेल उभं राहिलं, ज्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने इथे आणला होता. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंच्या सिनेमाचा भारतातला पहिला खेळ याच हॉटेलात झाला. जमशेटजी टाटांना तिथे प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधलं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. तिला पक्का पुरावा नाही. ताज १९०३ मध्ये उघडलं, एवढं मात्र नक्की. पण ही दोन्ही हॉटेलं म्हणजे दुधावरची साय. खालच्या अख्ख्या पातेल्यातली माणसं कुठे झोपत होती?

कूड: कॉट नाही, ट्रंकेपुरती जागा

धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर जेर महाल नावाची जुनी इमारत आहे. तिथे आणि माझगाव, गिरगावच्या गल्ल्यांत गोव्याच्या गावांची नावं लिहिलेल्या पाट्या दिसतात. हे 'क्लब', म्हणजे गोवेकरांच्या भाषेत 'कूड'. कोंकणीत कूड म्हणजे खोली. एकोणिसाव्या शतकात गोव्याचे ख्रिस्ती तरुण मुंबईत यायचे ते जहाजावर खलाशी, स्वयंपाकी, कारभारी, वादक म्हणून काम मिळवायला. जहाज मिळेपर्यंत आठवडे, कधी महिने जायचे. एवढे दिवस हॉटेल कुणाला परवडणार? मग एकेका गावाने मिळून खोली घेतली.

आत गेलं की भिंतीलगत ओळीने ट्रंका. एका बाजूला वेदी, त्यावर गावच्या संताची मूर्ती. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी म्हणायची, त्याला सहसा सुट्टी नाही. रात्री जमिनीवर पथारी. महिन्याचं भाडं अगदी नाममात्र. पैसे संपलेल्या गाववाल्याला पुढचं जहाज मिळेपर्यंत सांभाळूनही घेतलं जायचं.

आपण आज डॉर्म, लॉकर, कॉमन रूम म्हणतो, ते सगळं इथे होतं. ॲपही होतं, फक्त ते माणसांच्या तोंडी चालायचं. आणि लॉगिन एकच: तू आमच्या गावचा आहेस का? काही मोठ्या गावांचे तर वाड्यांप्रमाणे आणि जातींप्रमाणे वेगवेगळे क्लब होते.

बैठकीची खोली आणि खाडा

तिकडे लालबाग, परळ, वरळी, म्हणजे गिरणगावात, हीच गोष्ट 'बैठकीची खोली' या नावाने चालू होती. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडच्या एकेका गावची खोली. चाळीतली एकच खोली, पण तिच्यात डझनावारी चाकरमानी. प्रत्येकाची एक वळकटी, एक ट्रंक आणि भिंतीवर एक खुंटी. सगळे एकाच वेळी झोपायचेच नाहीत. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला आडवा व्हायचा. कॉम्प्युटरमध्ये टाइम-शेअरिंग शिकवतात ना, तेच, फक्त प्रोसेसरच्या जागी चटई. उन्हाळ्यात गॅलरी, गच्ची आणि फुटपाथ हे त्या खोलीचे एक्स्टेंशन.

जेवणासाठी खानावळ. ही बहुतेक वेळा एखाद्या बाईच्या घरातच चालायची. महिन्याचे पैसे ठरलेले, आणि गावाला गेलात तर तेवढ्या दिवसांचा 'खाडा' कापून मिळायचा. आपलं सबस्क्रिप्शन 'पॉज' करणं म्हणजे दुसरं काय? १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते याच खानावळवाल्या बायकांसाठी. सावकाराच्या व्याजातून सोडवून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून द्यायचं, हे मंडळाचं पहिलं काम. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगार थांबले तशी ही सगळी साखळीच तुटली, खोलीचं भाडं, खानावळीचे पैसे, गावाकडची मनीऑर्डर, सगळं.

एक गोष्ट माझ्या लक्षात सारखी येत होती. कूड असो की बैठकीची खोली, हे सगळे मुक्काम पुरुषांचे. बाई या गोष्टीत येते ती चुलीपुढे. कामासाठी एकटी मुंबईत आलेल्या बाईला अशी खोली बहुधा नव्हतीच.

धर्मशाळा, आणि अकरावा दिवस

आता तुम्ही म्हणाल, गावची खोली नसली तर धर्मशाळा होतीच की. होत्या. सी. पी. टँकजवळच्या माधवबाग, हिराबाग या जागा शेठ लोकांच्या दानातून उभ्या राहिल्या आणि त्यांनी असंख्य यात्रेकरूंना छप्पर दिलं. पण धर्मशाळा एका समाजाच्या पैशातून उभी राहिली की दारात त्या समाजाची चौकशी बहुतेक ठिकाणी व्हायचीच.

आणि ज्याची जात कुठल्याच दारात चालत नाही, त्याचं काय? यासाठी मुंबईतून जरा बडोद्याला जाऊ, कारण हा प्रवासी मुंबईहूनच तिकडे गेला होता. १९१७ साली डॉ. आंबेडकर परदेशातलं शिक्षण घेऊन परतले. शिष्यवृत्तीच्या अटीप्रमाणे बडोदा संस्थानात नोकरी करायची होती. हिंदू हॉटेलात जात विचारणार, हे माहीत होतं. म्हणून ते एका पारशी विश्रामगृहात गेले. ते पारशी नाहीत हे व्यवस्थापकाला कळलं. पण एवीतेवी जागा रिकामीच होती, त्यालाही चार पैसे हवे होते. तोड निघाली: नोंदवहीत पारशी नाव लिहायचं. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेले. ओळखीच्या दोघांनीही घरी ठेवून घ्यायची असमर्थता दाखवली. शेवटी पाचेक तास कामाठी बाग या सार्वजनिक बागेत काढून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी पकडली. हे सगळं त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवलंय. पानं थोडीच आहेत, एका बैठकीत वाचून होतात. जरूर वाचा.

बघा, पैसे होते, पदव्या होत्या, नोकरी होती. नव्हतं ते फक्त नोंदवहीत चालेल असं नाव.

याच्या उलट टोकाला गाडगेबाबा. त्यांनी पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा बांधली, ज्यांना बाकीच्या धर्मशाळांत थारा नव्हता त्यांच्यासाठी. ती त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. आज मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. तिथे टाटा हॉस्पिटलमध्ये उपचारासाठी बाहेरगावाहून आलेले कॅन्सर पेशंट आणि त्यांचे नातेवाईक राहतात. आपण 'बजेट स्टे' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर बॅकपॅक येते. पण परळच्या फुटपाथवर फाइल उशाशी घेऊन झोपलेलं कुटुंबही बजेट स्टेच शोधत असतं.

लॉज ते होस्टेल

मधल्या काळात लॉज आलं. क्रॉफर्ड मार्केटजवळचं सरदारगृह हे त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध. लोकमान्य टिळक मुंबईत आले की तिथे उतरायचे आणि १ ऑगस्ट १९२० ला त्यांचं निधन झालं तेही तिथेच. लॉजचा व्यवहार सुटसुटीत होता. पैसे भरा, वहीत नाव लिहा, किल्ली घ्या. पण खोली पूर्ण घ्यावी लागते, आणि एकट्या माणसाला तीच महाग पडते.

होस्टेलने ते गणित बदललं. जर्मनीत रिचर्ड शिरमान नावाच्या शाळामास्तराला १९०९ मध्ये मुलांच्या पायी सहलींसाठी स्वस्त मुक्कामाची कल्पना सुचली आणि १९१२ मध्ये आल्टेना गावच्या किल्ल्यात पहिलं कायमचं युथ होस्टेल उघडलं. जपानमध्ये १९७९ ला ओसाकात किशो कुरोकावा या आर्किटेक्टने पहिलं कॅप्सूल हॉटेल केलं. आपल्याकडे २०१३ मध्ये झोस्टेलने जोधपूरपासून सुरुवात केली. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई सेंट्रल स्टेशनवर ४८ पॉड्सचं हॉटेल सुरू झालं.

हे फक्त स्टाइलपुरतं नाहीये, हे मला मान्य केलंच पाहिजे. कॉट विकत मिळते, गाव विचारत नाहीत. आडनाव बघून तोंड वाकडं करत नाहीत, निदान तशी अपेक्षा तरी आपण ठेवू शकतो. बायकांसाठी वेगळा डॉर्म असतो. बैठकीच्या खोलीत जी नव्हती, ती सोय.

पण मग गेल्या वर्षीची एक रात्र. रिलीज होता. अंधेरीच्या ऑफिसमधून निघेपर्यंत दीड वाजला, शेवटची लोकल गेलेली. ॲपवर दहा मिनिटांवर एक होस्टेल, फीमेल डॉर्ममध्ये कॉट रिकामी, भाडं कॅबपेक्षा कमी. पोचले. एकदम झकास जागा. भिंतीवर काळी-पिवळी टॅक्सी, डबेवाला, लोकलचा डबा रंगवलेला. काउंटरवरच्या मुलाने माझं आधार कार्ड पाहिलं, पत्ता डोंबिवली. म्हणाला, "सॉरी मॅडम, लोकल आयडी चालत नाही."

भिंतीवर लोकल चालते, कार्डावर नाही.

त्या मुलाचा राग नाही. नियम मालकाचा असतो. पोलिसांची कटकट नको, अविवाहित जोडपी नकोत, ही त्यामागची भीती. पण प्रौढ माणसाने स्वतःच्या शहरात कॉट घेऊ नये, असा कायदा नाही. फक्त जुना प्रश्न पुन्हा काउंटरवर आलाय, उलटा होऊन. कूड विचारायची, 'तू आमच्यातला आहेस ना?' होस्टेल विचारतं, 'तू इथला नाहीस ना?'

आणि शहरातल्याच माणसाला शहरात कॉट का लागते? लोकल चुकते, पावसात गाड्या बंद पडतात, घरी भांडण होतं, कधी घर सोडून निघावं लागतं. शेवटच्या दोन कारणांसाठी दार उघडं असणं किती गरजेचं आहे, हे मुलींना वेगळं सांगायला नको.

बुकिंग करण्याआधी

म्हणून माझी यादी हॉटेलांची नाही, प्रश्नांची आहे. भाडं बघायच्या आधी 'हाउस रूल्स' उघडा आणि लोकल आयडीचं काय ते वाचा. लिहिलेलं नसेल तर फोन करून विचारा. रात्री उशिरा चेक-इन आहे का, डॉर्मला लॉकर आहे का, हे विचारा. रेल्वेचं कन्फर्म तिकीट असेल तर पीएनआर टाकून स्टेशनवरची रिटायरिंग रूम किंवा डॉर्म मिळतो का, ते आधी पाहा. फोटो सुंदर येणार नाहीत, पण सकाळची गाडी चुकणार नाही. आणि कुणी उपचारासाठी येत असेल तर हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात धर्मशाळेची चौकशी आधी करा.

जाता जाता एक काम देते. तुमच्या घरातलं जे कुणी पहिल्यांदा मुंबईत आलं, आजोबा, काका, मावशी, कुणीही, त्यांना विचारा, पहिली रात्र कुठे काढलीत? कुणाच्या ओळखीने? फोनवर रेकॉर्ड करा आणि आम्हाला पाठवा. चांगल्या गोष्टी जमल्या तर त्यांचाच एक भाग करू. तोपर्यंत ऐकत राहा, आणि शेवटची लोकल सांभाळा!