चार बाइट्सचा फोटो
परवा रात्री सी मध्ये फोटो अपलोड करणारा प्रोग्रॅम लिहीत होतो. सर्व्हरवर पोचले फक्त ४ बाइट्स! त्या जेपेगचा पाचवा बाइट शून्य होता, आणि स्ट्रलेन शून्य दिसलं की मोजायचं थांबतं. चूक माझीच.

मग जरा इतिहास चाळला. १९९२ साली बोरेनस्टाइन आणि फ्रीड यांनी ईमेलसाठी माइम आणलं: दोन भागांमधे एक सीमारेषा, जी आतल्या मजकुरात कुठेही येता कामा नये. १९९५ मध्ये झेरॉक्सच्या मॅसिन्टर आणि नेबेल यांनी तीच युक्ती वेब फॉर्मसाठी उचलली (आरएफसी १८६७). जुन्या पद्धतीत शून्यासारखा एकेक बाइट पाठवायला तीन-तीन बाइट्स लागायचे.

म्हणजे बघा, फाइल जशीच्या तशी, शून्यासकट जावी म्हणून तर हा सगळा खटाटोप! आणि मी तिला स्ट्रिंग समजून बसलो होतो. आता लांबी फाइललाच विचारतो.