‘दासबोधा’तील देह आणि चेतना : एक ऐतिहासिक विचार

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे (१६०८-१६८१) जन्मगाव. त्यांच्या ‘दासबोधा’चा अभ्यास प्रामुख्याने भक्ती, प्रपंच व राजकारण या अंगांनी झालेला आहे. चेतना देहावर अवलंबून असते काय, या प्रश्नाचे त्यातील विवेचनही इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे.

तेराव्या दशकाच्या नवव्या समासात, ‘आत्मविवरणा’त, हा प्रश्न सरळ हाताळलेला दिसतो. देहाने अन्न घेतले नाही तर आत्मा जगत नाही आणि आत्म्यावाचून देहाला चेतना नाही, अशी रामदासांची भूमिका आहे. त्यासाठी ते शास्त्रवचनांपेक्षा रोजच्या अनुभवाचे दाखले देतात. शरीराच्या वाढीप्रमाणे विचार वाढतो. वार्धक्यात दोन्ही क्षीण होतात. मादक पदार्थ खातो देह, पण भूल पडते आत्म्याला. विष घेतो देह, निघून जातो आत्मा. आत्मा स्वप्नात गेला तरी देहातही असतो, कारण झोपलेला माणूस अंग खाजवतो! हे अखेरचे निरीक्षण एखाद्या शरीरशास्त्रज्ञालाही आवडावे.

तथापि यास भौतिकवाद म्हणता येणार नाही. रामदासांच्या मांडणीत हा आत्मा चंचळ आहे, निश्चळ आहे ते परब्रह्म. देहाच्या अवस्थेनुसार चंचळ बदलते हे मान्य केल्याने निश्चळाला बाध येत नाही. लोकायतांचा निष्कर्ष टाळूनही त्यांचा पुरावा रामदासांना स्वीकारता आला तो यामुळेच.

या विवेचनात मेंदू मात्र कोठेही नाही. सतराव्या दशकात अंतःकरण, मन, बुद्धी, चित्त, अहंकार आणि शरीरभर वाटलेले पाच प्राण येतात. सुश्रुतसंहितेनेही चेतनेचे स्थान हृदय मानले होते. रामदासांच्याच हयातीत, १६६४ मध्ये, इंग्लंडमध्ये थॉमस विलिस यांचा मेंदूच्या रचनेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि स्मृती व कल्पना यांचा शोध मेंदूच्या भागांत घेतला जाऊ लागला. त्यामुळे आधुनिक मेंदूविज्ञान ‘दासबोधा’त आधीच आले होते, हा उत्साही दावा टिकत नाही. मादक द्रव्याचा दाखला दोन्हीकडे सारखाच लागू पडतो. त्यामागचे कारण मात्र वेगळे सांगितले जाते.

१९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने भारतात मेंदूमृत्यूला मान्यता दिली. चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी केल्यावर तो प्रमाणित होतो. त्या वेळी कृत्रिम श्वसनामुळे छाती हलत असते, नाडी लागत असते, अंग उबदार असते. ‘प्राण गेला’ म्हणजेच मृत्यू असे पिढ्यानपिढ्या मानणाऱ्या नातेवाइकांना अशा क्षणी अवयवदानाचा निर्णय घ्यावा लागतो. अन्न, श्वास आणि चेतना एकत्रच राहतात व एकत्रच जातात, हे ‘आत्मविवरणा’तील गृहीत सतराव्या शतकात कोणीही अनुभवाने खोडू शकले नसते. ते वेगळे करून दाखवले श्वसनयंत्राने.