शब्दागणिक दर आणि हौशी लेखक : एच. पी. लव्हक्राफ्टच्या लेखनव्यवसायाचा इतिहास

मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेच्या अभ्यासकांस रॉबर्ट बार्लो (१९१८-१९५१) हे नाव अपरिचित नाही. ‘त्लालोकान’ या संशोधनपत्रिकेच्या संस्थापकांपैकी तो एक. मेक्सिको सिटी कॉलेजातील मानववंशशास्त्र विभागाचा तो प्रमुख होता. याच बार्लोने वयाच्या तेराव्या वर्षी, १९३१ साली, एका अमेरिकन भयकथाकाराशी पत्रव्यवहार सुरू केला आणि पुढे त्याच्या हस्तलिखितांचा तो रक्षक झाला, ही गोष्ट मात्र भाषाशास्त्राच्या वर्तुळात सहसा कोणी सांगत नाही. प्रस्तुत लेखकास हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट (१८९०-१९३७) याचा परिचय या आडवाटेनेच झाला. म्हणूनच कदाचित त्याच्या कथांपेक्षा त्या कथा कागदावर कशा उतरल्या, कोणी त्यांच्या प्रती केल्या आणि त्यांचे किती पैसे आले, या प्रश्नांचे कुतूहल अधिक वाटले असावे.

लव्हक्राफ्टविषयी एक समजूत रूढ आहे. हयातीत त्यास कोणी विचारले नाही, दारिद्र्यात तो मेला, आणि मृत्यूनंतर जगाने त्यास डोक्यावर घेतले. दारिद्र्य खरे, परंतु ‘कोणी विचारले नाही’ हे विधान हिशेबाच्या आकड्यांपुढे टिकत नाही.

प्रथम बाजारपेठेचे स्वरूप पाहिले पाहिजे. १८९६ साली फ्रँक मन्सी याने आपले ‘अर्गोसी’ हे नियतकालिक लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त कागदावर, केवळ कथात्मक मजकूर देऊन छापण्यास आरंभ केला. ‘पल्प’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मासिकांची परंपरा येथून सुरू होते. या मासिकांत लेखकास मोबदला मिळे तो शब्दागणिक. भाषाशास्त्रज्ञ ‘शब्द’ या संज्ञेची व्याख्या करताना अद्यापि अडखळतात. पल्प मासिकांच्या कार्यालयांना ती अडचण कधीच भासली नाही. दोन कोऱ्या जागांमध्ये जे सापडेल तो शब्द, आणि त्याचा दर अर्धा सेंट, एक सेंट किंवा फार तर दीड सेंट. मराठीत ‘घरासमोर’ हा एक शब्द. इंग्रजीत तेवढ्यासाठी पाच शब्द लागतात. या दराने मराठी लेखकाची उपासमार आमच्या व्याकरणानेच केली असती! विनोद सोडला तरी एवढे खरे की, या पद्धतीत शब्द हा अर्थवाहक घटक न राहता वजनाने विकला जाणारा माल ठरतो आणि पसरट लिहिणाऱ्यास आपोआप उत्तेजन मिळते.

लव्हक्राफ्ट या पेठेत उशिरा आला, आणि आला तोही नाक मुरडीत. १९१४ साली तो ‘युनायटेड अमॅच्युअर प्रेस असोसिएशन’ या संस्थेचा सभासद झाला होता. या संस्थेचे सभासद स्वखर्चाने लहान लहान नियतकालिके छापीत आणि एकमेकांस विनामूल्य पाठवीत. त्याचे स्वतःचे ‘द कॉन्झर्व्हेटिव्ह’ हे पत्र १९१५ पासून १९२३ पर्यंत निघत होते. आपल्याकडे ‘हौशी’ हा शब्द रंगभूमीच्या संदर्भात ज्या अर्थाने वापरतात, त्याच अर्थाने तो स्वतःस हौशी लेखक म्हणवी. पैशासाठी लिहिणे हे कुलीन गृहस्थास शोभत नाही, ही त्याची धारणा होती. आजोबांच्या मृत्यूनंतर, म्हणजे १९०४ पासून, घराण्याची संपत्ती ओसरत गेली होती आणि हाती उरलेली वारशाची रक्कम वर्षागणिक घटत होती. धारणा मात्र तशीच राहिली.

या धारणेला दुसरी बाजूही होती आणि ती झाकून ठेवणे योग्य नव्हे. १९२४ ते १९२६ या न्यूयॉर्कमधील वास्तव्यात त्यास नोकरी मिळाली नाही. त्या काळातील पत्रांत स्थलांतरितांविषयी त्याने जो वांशिक द्वेष ओतला आहे, तो वाचवत नाही. ‘द हॉरर अ‍ॅट रेड हुक’ या कथेत तोच द्वेष कथानक होऊन बसला आहे. कष्ट करून पोट भरणारांविषयीची तुच्छता आणि परक्यांविषयीची घृणा ही दोन्ही एकाच कुलाभिमानाची अपत्ये होत, असे मला वाटते.

त्याचा पहिला व्यावसायिक अनुभव फारसा सुखाचा नव्हता. ‘होम ब्रू’ या मासिकासाठी १९२१-२२ मध्ये त्याने सहा भागांची एक कथामाला लिहिली. प्रत्येक भागास पाच डॉलर ठरले होते. प्रत्येक भागाच्या आरंभी मागील वृत्तान्ताची उजळणी करावी लागे, याचा त्यास विलक्षण तिटकारा आला. त्यानंतर मार्च १९२३ मध्ये शिकागोहून ‘वियर्ड टेल्स’ हे मासिक निघाले. स्नेह्यांच्या आग्रहावरून लव्हक्राफ्टने तेथे पाच कथा एकदम पाठविल्या. सोबतच्या पत्रात, व्यावसायिक लेखनाच्या मागण्यांकडे आपण लक्ष देत नाही, असेही कळविले! संपादक एडविन बेअर्ड याने, ओळींत दुप्पट अंतर ठेवून कथा पुन्हा टंकलिखित करून पाठवा, एवढेच उत्तर दिले. टंकलेखन हे लव्हक्राफ्टला शिक्षेसमान वाटे. तरी त्याने ते केले आणि ऑक्टोबर १९२३ च्या अंकात ‘डेगन’ ही कथा प्रसिद्ध झाली.

येथून पुढचे आकडे बोलके आहेत. ‘द कॉल ऑफ क्थुल्हू’ (१९२८) या कथेचे १६५ डॉलर, ‘द डनिच हॉरर’ (१९२९) चे २४०, ‘द व्हिस्परर इन डार्कनेस’ (१९३१) चे ३५० डॉलर त्यास मिळाले. ज्या दराने त्या काळी इतर लेखक वर्षानुवर्षे लिहीत होते, त्याच्या वरच्या टोकाला हा दर होता. क्थुल्हू हे नाव म्हणजे मानवी वागिंद्रियांस उच्चारता न येणाऱ्या ध्वनींचे केवळ स्थूल लिप्यंतर होय, असे त्याने पत्रांतून सांगितले आहे. ध्वनिविचाराच्या दृष्टीने ही कल्पना मनोरंजक खरी. पण हिशेबात त्या नावास आणि ‘द’ या उपपदास एकच दर! ‘अमेझिंग स्टोरीज’चा अनुभव निराळा होता. सप्टेंबर १९२७ मध्ये तेथे छापलेली ‘द कलर आउट ऑफ स्पेस’ ही सुमारे बारा हजार शब्दांची कथा त्यास स्वतःस आपली उत्कृष्ट कृती वाटे. तिचे अनेक तगाद्यांनंतर पंचवीस डॉलर आले, म्हणजे शब्दाला जेमतेम एक-पंचमांश सेंट.

तेव्हा दर वाईट नव्हता. वाईट होता तो लेखनाचा वेग. दीड सेंटाच्या दराने चरितार्थ चालवावयाचा तर दर महिन्यास कथा हवी, आणि लव्हक्राफ्ट वर्षास एखाद-दुसरी लिही. उरलेली तूट तो इतरांचे लेखन दुरुस्त करून, पुष्कळदा समूळ नव्याने लिहून, भरून काढी. १९२४ साली जादूगार हूडिनीच्या नावावर प्रसिद्ध झालेली एक कथा मूळची त्याचीच. तिचे शंभर डॉलर आगाऊ मिळाले होते. तिची टंकलिखित प्रत प्रॉव्हिडन्सच्या रेल्वे स्थानकावर हरवली, ती नेमकी तो विवाहासाठी निघाला असताना. परिणामी नवदांपत्याचे पहिले दिवस फिलाडेल्फियात ती कथा पुन्हा टंकलिखित करण्यात गेले. ज्या गृहस्थास स्वतःच्या नावाने बाजारासाठी लिहिणे कमीपणाचे वाटे, तोच परक्याच्या नावाने बाजारासाठी लिहीत राहिला. त्याचे स्वातंत्र्य या मजुरीवर उभे होते.

१९३१ हे वर्ष निर्णायक ठरले. ‘अ‍ॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस’ ही सुमारे चाळीस हजार शब्दांची दीर्घकथा ‘वियर्ड टेल्स’चा तत्कालीन संपादक फार्न्सवर्थ राइट याने साभार परत केली. फार लांब, भागांत तोडण्यास सोयीची नाही, पटण्यासारखी नाही, अशी कारणे होती. त्याच वर्षी पटनम या प्रकाशनसंस्थेने मागवून घेतलेल्या कथाही परत आल्या. एखादा व्यवसायी लेखक अशा वेळी दुसरे दार ठोठावतो. लव्हक्राफ्टने दार ठोठावण्याचेच सोडले. यापुढील कथा तो स्नेह्यांस वाचावयास देई आणि संपादकाकडे पाठविण्याचे टाळी. ऑगस्ट डर्लेथ याने ‘द ड्रीम्स इन द विच हाउस’ ही कथा लेखकास न कळविता राइटकडे पाठविली. ती तत्काळ स्वीकारली गेली आणि १९३३ मध्ये छापूनही आली. याहून मोठा पुरावा काय हवा? दार बंद नव्हते.

अर्थात जे दार ठोठावीत राहिले त्यांचे तरी काय झाले? लव्हक्राफ्टचा पत्रमित्र रॉबर्ट हॉवर्ड (१९०६-१९३६) टेक्सासमधील क्रॉस प्लेन्स या गावी राहून मुष्टियुद्धाच्या, गुराखीजीवनाच्या, साहसाच्या अशा सर्व प्रकारच्या कथा अनेक मासिकांना पुरवी. बाजाराचे सर्व नियम त्याने पाळले. तथापि मे १९३५ मध्ये, आईच्या आजारपणाचा खर्च डोईजड झाला असता, ‘वियर्ड टेल्स’कडे आपली आठशे डॉलरांहून अधिक बाकी असल्याचे त्यास संपादकास लिहावे लागले. त्याच मासिकाचा अत्यंत लोकप्रिय लेखक सीबरी क्विन हा मात्र निर्धास्त असे. तो पेशाने वकील होता, आणि अंत्यविधी करणाऱ्या व्यावसायिकांच्या एका पत्राचा संपादकही. भयकथेसाठी याहून समर्पक जोडधंदा कोणता!

आता बार्लोकडे वळू. लव्हक्राफ्ट १९३४ व १९३५ च्या उन्हाळ्यांत फ्लॉरिडात त्याच्याकडे राहावयास गेला होता. टंकलेखनाच्या तिटकाऱ्यामुळे लव्हक्राफ्टची सर्वांत दीर्घ कृती, १९२७ साली लिहिलेली ‘द केस ऑफ चार्ल्स डेक्स्टर वॉर्ड’, संपादकापर्यंत पोहोचलीच नव्हती. ती त्याच्या मृत्यूनंतर, १९४१ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘द शॅडो आउट ऑफ टाइम’ या कथेचेही तेच होण्याची चिन्हे होती. ती त्याने शाळकरी वहीत पेन्सिलीने लिहिली आणि असमाधानाने तशीच डर्लेथकडे धाडून दिली. १९३५ च्या त्या मुक्कामात सतरा वर्षांच्या बार्लोने ती मिळवून, लेखकास न सांगता, टंकलिखित केली. डॉनल्ड वँड्री याने ती ‘अस्टाउंडिंग स्टोरीज’कडे दिली, तिचे २८० डॉलर आले. त्याच सुमारास ज्युलियस श्वार्ट्झ या तरुण दलालाने ‘माउंटन्स’ त्याच मासिकास ३५० डॉलरांस विकली. संपादकांनी तिचे परिच्छेद तोडले, अखेरचा काही मजकूर गाळला. लव्हक्राफ्ट संतापला आणि छापील अंकांवर हाताने दुरुस्त्या करीत बसला. तरीही त्या काळातील त्याची ही सर्वांत मोठी कमाई. तिच्यामागे एका मुलाचे फुकट टंकलेखन आणि मित्रांची खटपट होती.

१९३६ मध्ये विल्यम क्रॉफर्ड या दुसऱ्या हौशी माणसाने ‘द शॅडो ओव्हर इन्समथ’ पुस्तकरूपाने काढली. चारशे प्रती छापल्या, बांधल्या सुमारे दोनशेच. मुद्रणदोष इतके की शुद्धिपत्र जोडावे लागले. हयातीत निघालेले त्याचे हे एकमेव पुस्तक. १५ मार्च १९३७ रोजी आतड्याच्या कर्करोगाने त्याचा मृत्यू झाला. दोन वर्षांनी डर्लेथ आणि वँड्री यांनी केवळ त्याच्या कथा छापण्यासाठी ‘अर्खम हाउस’ ही संस्था काढली. पहिल्या संग्रहाच्या प्रती १२६८ होत्या.

बार्लोने आपल्याजवळची हस्तलिखिते ब्राउन विद्यापीठाच्या जॉन हे ग्रंथालयाकडे सुपूर्द केली आणि स्वतः नाहुआत्लच्या अभ्यासास वाहून घेतले. ‘द शॅडो आउट ऑफ टाइम’ची पेन्सिलीने लिहिलेली वही मात्र त्या संग्रहात नव्हती. मेक्सिकोत त्याच्यापाशी नाहुआत्ल शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीस ती त्याने देऊन टाकली होती. तिच्या पश्चात १९९५ च्या सुमारास ती वही हवाई बेटांत सापडली. आज तीही ब्राउन विद्यापीठात आहे, आणि छापील पाठातील चुका तिच्यावरूनच दुरुस्त करण्यात आल्या.