मुंगळेपालन
मुंगळ्यांची वसाहत काचेच्या किंवा प्लास्टरच्या कृत्रिम वारुळात सांभाळण्याचा छंद. कॅम्पोनोटस प्रजातीतील मोठ्या मुंग्या यासाठी विशेष पसंत केल्या जातात. महाराष्ट्रात सर्वत्र आढळणारा काळा मुंगळा (कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस) याच प्रजातीचा.

सुरुवात एकट्या राणीपासून होते. मीलनोड्डाणानंतर पंख गाळलेली राणी परीक्षानळीत ठेवतात. नळीच्या तळाशी पाणी आणि ते अडवणारा कापसाचा बोळा असतो; तोंडाशी दुसरा बोळा लावून नळी अंधारात ठेवतात. पहिले कामकरी बाहेर पडेपर्यंत राणी बाहेरचे काहीही खात नाही. निरुपयोगी झालेले पंखांचे स्नायू व साठलेली चरबी यांवर ती स्वतः जगते आणि अळ्याही पोसते. या काळात नळी वारंवार हलवून पाहिल्यास राणी बिथरून अंडी खाते. नवशिक्यांचा डाव बहुधा इथेच मोडतो. पहिले कामकरी आकाराने खुजे असतात, मोठ्या डोक्याचे पुढच्या पिढ्यांत येतात. त्यांना साखरपाणी आणि मारलेले झुरळ वा नाकतोडा देतात.

ब्रिटिश अभ्यासक जॉन लबक यांनी काचांमध्ये मुंग्यांच्या वसाहती ठेवून केलेली निरीक्षणे 1882 मध्ये ग्रंथरूपाने आली. त्यांच्याकडची एक राणी सुमारे 15 वर्षे जगली. राणीविना विकल्या जाणाऱ्या खेळण्यातल्या वारुळांना मात्र पालन म्हणणे कठीण; त्यांतील कामकऱ्यांची जागा घ्यायला नवे कामकरी जन्मतच नाहीत. मुंगळ्यांना लाल रंग फारसा दिसत नसल्याने वारुळावर लाल काच ठेवतात, तर पळवाट बंद करण्यासाठी पेटीच्या काठाला आतून टाल्कम पावडरचा लेप देतात.