आपल्या झाडपाल्याच्या औषधांचीं नांवें

धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेंत मंदिराच्या बांधणीचा, शाळेचा व आजवरच्या धर्मगुरूंचा वृत्तान्त अन्यत्र येईलच. आम्हीं मात्र एक निराळाच विषय हातीं घेतला आहे. आजाऱ्यांस ख्रिस्तशरीर देण्यासाठीं घरोघरीं जाण्याचा प्रसंग आम्हांस वारंवार येतो. अशाच एका घरीं अंथरुणास खिळलेल्या वृद्ध बाई नातसुनेस म्हणाल्या, "बाय, गुडघ्याला निगडीचा पाला शेकून बांध." ती बिचारी गोंधळली. निगडी म्हणजे काय, हें तिला ठाऊक नव्हतें. आणि झाड तर मागील दारीं कुंपणासच उभें होतें! प्रसंग क्षुल्लक खरा. परंतु त्या एका शब्दानें जगांत केवढा प्रवास केला आहे, हें आम्हीं पूर्वीं वाचलें असल्यामुळें तो आमच्या मनास लागला.

गार्सिया द ओर्ता या नांवाचा पोर्तुगीज वैद्य 1534 सालीं गोव्यास आला. मुंबईचें बेट कांहीं वर्षें त्याच्याकडे खंडानें होतें. हिंदुस्थानांतील औषधी द्रव्यांवर त्यानें लिहिलेला संवादरूप ग्रंथ 1563 सालीं गोव्यांतच छापला गेला. त्याची रीत अशी कीं, कोणतेंही द्रव्य घेतलें कीं तें अरबांत, गुजराथेंत, दक्षिणेंत, कोंकणांत कोणत्या नांवानें ओळखतात हें आधीं विचारावयाचें, आणि मग गुणदोषांकडे वळावयाचें. आपली हळद त्यांत 'अलद' होऊन बसली आहे. ह-काराचा उच्चार पोर्तुगीज जिभेस जड जातो, हें जुन्या लोकांस सांगावयास नकोच. निगडीस तर त्यानें 'नेगुंडो' म्हणून स्वतंत्र संवादच दिला आहे. 1567 सालीं क्लूसियस नामक पंडितानें या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप अँटवर्प येथें प्रसिद्ध केला आणि हें नांव युरोपभर झालें. पुढें 1753 सालीं लिनियसनें या झाडाचें शास्त्रीय नांव 'व्हायटेक्स नेगुंडो' असें ठरविलें. इतकेंच नव्हे, तर उत्तर अमेरिकेंतील मेपल जातीच्या एका झाडाचीं पानें निगडीसारखीं दिसतात, म्हणून त्यालाही 'एसर नेगुंडो' म्हणतात. आमच्या आजीबाईंचा शब्द अमेरिकेच्या अरण्यांत नांदतो आहे, आणि घरच्या कुंपणाशीं त्यास कोणी ओळखीना!

असाच दुसरा शब्द मोडशी. महामारीच्या या नांवाचें पोर्तुगिजांनीं 'मोर्देशीं' केलें, आणि फ्रेंचांनीं त्याचा अर्थ न कळून 'मोर द शिएँ', म्हणजे 'कुत्र्याचें मरण', असें भयंकर रूप बनविलें. मूळ मराठी शब्दांत कुत्रेंही नाहीं व मरणही नाहीं; शरीर मोडून येतें, एवढाच अर्थ आहे.

ओर्ताची हकीकत येथें संपविली असती तर बरें वाटलें असतें. परंतु इतिहास सांगावयाचा तर पुरता सांगितला पाहिजे. तो यहुदी कुळांत जन्मलेला नवख्रिस्ती होता. 1568 सालीं तो वारला. पुढच्याच वर्षीं त्याची बहीण कातारिना हिला गोव्याच्या इन्क्विझिशनच्या निकालानें जाळण्यांत आलें, आणि 1580 सालीं त्याच्या स्वतःच्या अस्थि उकरून त्यांचीही तीच गत केली. हें न्यायासन ख्रिस्तसभेच्या नांवानें चाललें होतें. तें झांकून ठेवणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

याउलट समाधान वाटावें असें एक उदाहरण मलबारांतील आहे. डच अधिकारी व्हान ऱ्हेडे यानें तेथील वनस्पतींचा बारा भागांचा ग्रंथ 1678 ते 1693 या काळांत ॲमस्टरडॅम येथें छापविला. या कामीं इट्टी अच्युतन् हा मलबारी वैद्य, रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे कोंकणी ब्राह्मण वैद्य, आणि कार्मेल संघाचे इटालियन धर्मगुरू मॅथ्यू, असे सर्वजण प्रॉटेस्टंट डचांच्या साहाय्यास आले. त्या तिघां भटांचें 1675 सालचें नागरी लिपींतील कोंकणी प्रमाणपत्र ग्रंथांत छापलेलें आहे. झाडाच्या नांवापाशीं चौघांचें पंथभेद थांबले होते.

आतां आपल्या घराकडे वळूं. 'औषध' हा शब्दच मुळीं 'ओषधि' म्हणजे वनस्पति यापासून झाला आहे. आणि बेनसिराच्या ग्रंथाच्या 38 व्या अध्यायांतही परमेश्वर भूमींतूनच औषधें उत्पन्न करतो, असें सांगितलें आहे. आपल्या स्त्रियांच्या बोलींत या विषयाचे किती बारीक भेद आहेत पहा. काढा उकळावयाचा, लेप वाटून लावावयाचा, वेखंड उगाळावयाचें, चाटण मधांतून चाटवावयाचें, ओव्याची धुरी द्यावयाची. बाळघुटीचें माप तर सहाणेवरच्या वेढ्यांनीं ठरते: जायफळाचा एक वेढा, हिरड्याचे दोन. तराजू नाहीं, चमचा नाहीं; पण जायफळ अधिक झालें तर मूल गुंगींत जातें, हें प्रत्येक आजीस ठाऊक असे. औषध 'लागू पडतें', त्याचा 'गुण येतो', आणि एखादें संकट आपोआप टळलें तर 'सुंठीवाचून खोकला गेला' असें आपण अजूनही म्हणतों, मग घरांत सुंठ असो वा नसो.

नांव हरवलें कीं नुसता शब्द जात नाहीं, धोकाही उत्पन्न होतो. एरंड निराळा व मोगली एरंड निराळा. दुसरा मूळचा अमेरिकेंतील, कोंकणांत कुंपणास लावतात. त्याच्या बिया गोड लागतात म्हणून मुलें खातात आणि वांत्यांनीं हैराण होतात. एरंडेलाच्या भरंवशावर खऱ्या एरंडाच्या कच्च्या बिया चावणें तर प्राणावर बेतणारें आहे. ब्राह्मी या एकाच नांवानें दोन अगदीं भिन्न वनस्पति विकल्या जातात. म्हणून मोठ्या दुखण्यांत डॉक्टरांकडेच जावें, आणि घरीं कोणता पाला घेतला होता तें त्यांस नांवानिशीं सांगावें, अशी आमची सूचना आहे.

या महोत्सवाच्या वर्षीं आम्हीं धर्मग्रामाच्या कचेरींत एक कोरी वही ठेविली आहे. रविवारच्या मिस्सेनंतर ज्येष्ठ मंडळींनीं एकेक डहाळी आणावी. नांव, उपयोग व तें कोणाकडून शिकलें, एवढें तरुणांनीं लिहून घ्यावें. पहिल्या पानावर निगडीचा पाला चिकटविला आहे. त्याखालीं निगडी, निगड व निर्गुडी अशीं तीन नांवें आलीं असून चौथ्यासाठीं जागा सोडली आहे.