उंबरठ्यावरचा सावकार

‘तगादा लावला’ असं आपण आज सहज बोलून जातो. पेशवाईत तगादा ही वसुलीची मान्य रीत होती. १८१९ साली इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला, त्यात तिचं बारकाईने वर्णन आहे. ऋणको बरोबरीचा किंवा खालचा असला तर धनको त्याला घराबाहेर पडू देत नसे, जेवू देत नसे, प्रसंगी उन्हात बसवून ठेवी. ऋणको वरचढ असला तर आधी विनवण्या, मग त्याच्या उंबरठ्यावर आडवं पडणं, वाट अडवणं, दारात आरडाओरडा. एवढ्यानेही भागलं नाही तर धरणं. धनको दारात उपाशी, म्हणून ऋणकोनेही आत उपाशी राहायचं. सरकारात जावं तर वसुलीतली चौथाई सरकार घेई, म्हणून बहुतेकांची धाव ऋणकोच्या दारापर्यंतच.

ही रीत दयाळू होती असं कोण म्हणेल? उन्हात बसवलेल्या माणसाला विचारा! पण तिच्यात एक गोष्ट सक्तीची होती : पैसे मागायचे तर सावकाराला ऋणकोच्या समोर यावं लागे. पीक बुडालंय की माणूस टाळतोय, हे त्याला डोळ्यांनी दिसे. कूळ परागंदा झालं तर मुद्दलही जाणार आणि सरकार काही पाठीशी उभं राहणार नाही, हे तो जाणून असे. म्हणून मुदत वाढे, तडजोड होई. उशीर हा व्यवहारात धरलेलाच असे.

इंग्रजी अमलात सावकाराला दारात यायची गरज उरली नाही. १८६० च्या दंडसंहितेने दैवी कोपाची भीती घालणारं धरणं गुन्हा ठरवलं, ते ठीकच झालं. पण १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या, नोंदणी नसलेल्या कर्जखतावरचा दावा तीन वर्षांत लावणं भाग पाडलं. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा. झालं उलटं : मुदत संपत आली की सावकार थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवं खत लिहून घेई, निशाणी उमटे, आणि कोर्टात त्या कागदामागचा हिशेब क्वचितच उलगडला जाई. कुळाच्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामे होत.

कोर्टाने दुबळ्या धनकोलाही न्याय मिळवून दिला, असं यावर म्हणता येईल. तेही खरं. पण १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात दंगा उसळला आणि पुढे गावोगाव पसरला, तेव्हा लोकांनी प्रामुख्याने काय मागितलं ते पाहावं. खतं आणि हुकूमनामे. जिथे ती मुकाट्याने हाती दिली गेली, तिथे सावकाराच्या अंगाला सहसा हात लागला नाही. राग माणसापेक्षा कागदावर होता.

या दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला. त्याने न्यायाधीशाला खतामागचा मूळ व्यवहार तपासायला लावलं, हप्ते बांधून द्यायची मुभा दिली, आणि पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद केलं.