निरीक्षण विहीर: जमिनीखाली झिरपलेलं इंधन कसं शोधतात?

हवाईतल्या रेड हिलला अमेरिकी नौदलाच्या इंधन टाक्या भूजलाच्या जेमतेम 100 फूट वर. नोव्हेंबर 2021 मध्ये इंधन पिण्याच्या पाण्यात शिरलं, नळांना वास येऊ लागला.

गळती वेळेत कळावी म्हणून टाक्यांभोवती निरीक्षण विहिरी खोदतात. आधी पाण्याची पातळी आणि वर तरंगणारा इंधनाचा थर मोजतात. साचलेलं शिळं पाणी उपसतात, नाहीतर रिपोर्ट फसवा येतो. मग पंप हळू चालवून 40 मिलीलिटरची काचेची बाटली काठोकाठ भरतात. बुडबुडासुद्धा चालत नाही, कारण बेन्झीन त्या हवेत निसटतं. बाटली बर्फात घालून लॅबला. बेन्झीनने कॅन्सर होतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम.

आपल्याकडेही पेट्रोल पंपाच्या टाक्या जमिनीखालीच असतात. मशिदीच्या बोअरला तसा वास आला, तर आम्ही म्हणू, पिणं आणि वजू दोन्ही थांबवून पाणी तपासून घ्या. उकळून भागत नाही, वाफ नाकात जाते.